पायथनच्या जुन्या आवृत्त्या डॉक्समधून काढताना: आकडा नव्हे, अट काढा

प्रश्न थोडक्यात असा: एका पायथन लायब्ररीने पुढच्या रिलीजपासून पायथन ३.८ आणि ३.९ चा सपोर्ट सोडायचं ठरवलंय, आता किमान ३.१० लागेल. डॉक्स (लायब्ररीच्या माहितीची पानं) स्फिंक्स या साधनाने बनवलेले आहेत आणि त्यांत ‘२.७’, ‘३.६ किंवा पुढे’, ‘जुन्या पायथनवर असाल तर’ असे उल्लेख पानोपानी विखुरले आहेत. ‘शोधा आणि बदला’ मारून हे एका संध्याकाळी उरकता येईल का?

नाही येणार. का, ते कळलं की बाकीचं काम मात्र बरंच हलकं होतं. (फाइलींची आणि आदेशांची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलात अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.)

डॉक्समधला ‘३.८’ हा सुटा आकडा नसतो, तो कुठल्यातरी अटीचा तुकडा असतो. चार वाक्यं घ्या:

‘ही पद्धत पायथन ३.८ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवरच चालते.’
‘३.९ च्या आधीच्या पायथनवर टाइमझोनसाठी बॅकपोर्टचं पॅकेज वेगळं इन्स्टॉल करा.’
‘३.११ पासून टॉमल फाइल वाचायला वेगळं पॅकेज लागत नाही.’
‘लायब्ररीची आवृत्ती २.१: पायथन ३.८ साठी सपोर्ट जोडला.’

या चारांत ३.८ आणि ३.९ च्या जागी ३.१० घालून बघा. पहिलं वाक्य खोटं नाही, पण निरर्थक होतं. ३.१० च्या खाली लायब्ररी चालतच नाही, मग या एकाच पद्धतीला ही अट का, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. ‘म्हणजे बाकीच्या पद्धती ३.९ वर चालत असतील’ असा उलटा अर्थही तो काढतो. दुसऱ्या वाक्यात अस्तित्वातच नसलेल्या वाचकाला सूचना दिली जाते. चौथं तर सरळ खोटं होतं, कारण तो इतिहास आहे आणि आपण तो बदलून टाकला. तिसऱ्याला हात लावायचं कारणच नव्हतं.

म्हणून प्रत्येक उल्लेखापाशी एकच प्रश्न विचारायचा: किमान आवृत्ती ३.१० झाल्यावर ही अट कायमची खरी झाली, कायमची खोटी झाली, की अजून जिवंत आहे? कायमची खरी असेल तर अट उडवा आणि आतला मजकूर ठेवा. कायमची खोटी असेल तर अट आणि मजकूर दोन्ही उडवा. जिवंत असेल तर ठेवा. ‘३.९ ते ३.११ पर्यंत’ अशी पट्टी असेल तर तिचं एक टोक गळतं आणि ‘३.११ पर्यंत’ एवढंच उरतं. कोडमध्ये ‘सिस.व्हर्जन_इन्फो’ तपासणाऱ्या इफ-एल्सचं आपण हेच करतो, आणि तिथे पायअपग्रेडसारखं साधन ते आपोआप करून देतं. गद्यातल्या इफ-एल्सला असं साधन नाही, तिथे वाचावंच लागतं.

मेलेली शाखा उडवतानाही ती आधी पुरती वाचा. टाइमझोनचंच उदाहरण पुढे नेऊ. झोनइन्फो हे मॉड्यूल ३.९ पासून पायथनसोबतच येतं, त्यामुळे बॅकपोर्टचा (नवी सुविधा जुन्या पायथनला पुरवणाऱ्या पॅकेजचा) परिच्छेद आता कायमचा खोटा. पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी बऱ्याचदा एक वाक्य असतं: ‘विंडोजवर टीझेडडेटा हे पॅकेजही लागेल.’ या वाक्याचा पायथनच्या आवृत्तीशी काहीही संबंध नाही. झोनइन्फो टाइमझोनची माहिती ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतं आणि विंडोजमध्ये ती त्या स्वरूपात नसते, म्हणून ३.१३ वरही ते पॅकेज लागतं. परिच्छेद सरसकट उडवला तर हे वाक्यही जातं, आणि पुढच्याच आठवड्यात विंडोजवाले ‘टाइमझोन सापडत नाही’ म्हणून इश्यू उघडतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं इथे वाळलेल्याबरोबर हिरवं जळतं.

शोधायचं काय आणि कुठे

आधी सत्य एका जागी पक्कं करा. पायप्रोजेक्ट.टॉमल या प्रकल्पाच्या सेटिंग्जच्या फाइलीतला ‘रिक्वायर्स-पायथन’ हा मान ‘किमान ३.१०’ करा, त्याच फाइलीतल्या क्लासिफायरांच्या यादीतून ३.८ आणि ३.९ च्या ओळी काढा, सीआयच्या (दर बदलानंतर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेच्या) मॅट्रिक्समधून त्या आवृत्त्या काढा. डॉक्स त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर डॉक्स म्हणतील ३.१० हवं आणि पॅकेजं इन्स्टॉल करणारं पिप मात्र ३.८ वर खुशाल इन्स्टॉल करून देईल. मग वापरणाऱ्याला तुमच्या कोडमधल्या पहिल्याच ‘मॅच’ विधानावर सिंटॅक्स एरर दिसेल. त्यातून त्याला पायथन जुनं आहे हे कळत नाही, लायब्ररी मोडकी आहे असं वाटतं.

सीआयच्या यामल फाइलीत एक जुना सापळा आहे. ३.१० हे अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर यामल त्याला दशांश अपूर्णांक समजतं, शेवटचं शून्य गळतं आणि हातात ३.१ येतं. ३.८ आणि ३.९ असेपर्यंत अवतरणं नसली तरी चालून जायचं, म्हणून ही चूक नेमकी किमान आवृत्ती ३.१० करताना उघडी पडते. रीड द डॉक्सच्या (डॉक्स बांधून प्रकाशित करणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिगरेशन फाइलीतही हीच काळजी घ्या. ‘३.१०’ आणि ‘३.९’ यांची नुसती अक्षरं म्हणून तुलना करणारी जुनी स्क्रिप्ट रिपोत कुठे असेल तर तीही इथेच फसते, कारण अक्षरक्रमात ‘३.१०’ आधी येतं.

आता शोध. गिट ग्रेप वापरा, म्हणजे बिल्डमध्ये तयार झालेल्या फाइली मध्ये येत नाहीत. पण एकाच रूपाने शोधून भागत नाही. ‘३.८’ सोबत ‘पाय३८’ (टॉक्सच्या एन्व्हायर्नमेंटची नावं), ‘सीपी३८’ (व्हील फाइलींच्या नावातला टॅग), आदेशांतलं ‘पायथन३.८’, ‘३.८+’ आणि ‘≥ ३.८’ ही सगळी रूपं शोधा. रेजेक्समध्ये (शोधाच्या नमुन्यात) टिंब एस्केप करायला विसरू नका, नाहीतर ‘३.८’ हा नमुना ‘३२८’ लाही पकडतो. आणि आकड्याच्या शेवटी शब्दाची सीमा घाला, नाहीतर ‘३.१’ शोधताना ३.१० ते ३.१४ सगळंच जाळ्यात येतं.

जाळ्यात परके मासेही येतात. मॅटप्लॉटलिबची ३.८ आणि ३.९ आवृत्ती आहे, ३.१० सुद्धा आहे. एसक्यूलाइटच्या आवृत्त्याही ३ नेच सुरू होतात. त्यामुळे ‘३.८ लागेल’ असं वाक्य सापडलं तर ते कशाचं ३.८ हे आधी बघा. आपोआप बदल करणारी स्क्रिप्ट इथे सगळ्यांत जास्त घाण करते.

खरी अडचण मात्र आकडा नसलेल्या उल्लेखांची. ‘नव्या पायथनमध्ये’, ‘अलीकडच्या आवृत्त्यांत’, ‘सध्या’, ‘लवकरच’, ‘जुनं पायथन’. असं वाक्य लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा ठरावीक आवृत्ती होती, पण कागदावर ती आलीच नाही. या शब्दांचा वेगळा शोध घ्या. वाक्य कधी लिहिलं गेलं ते गिट ब्लेमने (प्रत्येक ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणाऱ्या आदेशाने) कळतं, आणि तारखेवरून ‘नवं’ म्हणजे कोणतं हे ताडता येतं. २०१७ मध्ये लिहिलेलं ‘नवं पायथन’ म्हणजे बहुधा ३.६.

त्याहून मुरलेले असतात ते कोडच्या नमुन्यांतले जीवाश्म. त्यांत आवृत्तीचं नाव नसतं, पण वय चेहऱ्यावर दिसतं. फाइलीच्या पहिल्या ओळीतली यूटीएफ-८ ची कोडिंग टिप्पणी, ‘फ्रॉम __फ्यूचर__ इम्पोर्ट प्रिंट_फंक्शन’, कंसात क्लासचं नाव घातलेलं ‘सुपर’, ‘ऑब्जेक्ट’पासून उगाच वारसा घेणारे क्लास, स्ट्रिंगच्या आधीचं यू, सिक्स हे पॅकेज: ही सगळी पायथन २ ची हाडं आहेत, आणि २.७ चा सपोर्ट तर १ जानेवारी २०२० लाच संपला. ‘टायपिंग’ मॉड्यूलमधून आणलेली मोठ्या अक्षराची ‘लिस्ट’ आणि ‘डिक्ट’ ३.९ पासून अनावश्यक झाली. ‘ऑप्शनल’ आणि ‘युनियन’च्या जागी उभी रेघ चालते, ती ३.१० पासून. म्हणजे किमान आवृत्ती ३.१० करताना डॉक्समधल्या टाइप-खुणा पहिल्यांदाच पूर्ण सुटसुटीत लिहिता येतात. हा बदल जरूर करा, कारण शिकणारा माणूस डॉक्समधलं जे दिसेल तेच चिकटवतो. फक्त तो वेगळ्या कमिटमध्ये करा (त्याबद्दल पुढे).

चिकटवलेली आउटपुटं हे सगळ्यांच्या नजरेतून सुटणारं ठिकाण. कमांड लाइनची मदत दाखवणारा मजकूर बघा. त्यात पर्यायांच्या यादीवर ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट्स’ असं शीर्षक दिसलं तर ते आउटपुट ३.९ किंवा त्याआधीच्या पायथनवर घेतलेलं आहे. आर्गपार्सने (कमांड लाइनचे पर्याय वाचणाऱ्या मॉड्यूलने) ३.१० पासून तिथे नुसतं ‘ऑप्शन्स’ लिहायला सुरुवात केली. तसंच ट्रेसबॅक. ३.११ पासून चूक ओळीत नेमकी कुठे आहे ते खाली खुणा करून दाखवलं जातं, जुन्या ट्रेसबॅकमध्ये त्या नसतात. पण ट्रेसबॅक लगेच बदलू नका. तुमची किमान आवृत्ती ३.१० आहे, म्हणजे तिथल्या वाचकाला अजून जुनंच रूप दिसणार. मदतीचं आउटपुट मात्र नक्की बदला, कारण आता ते कोणालाच तसं दिसत नाही. दर वेळी हाताने चिकटवण्यापेक्षा बिल्डच्या वेळी आदेश चालवून आउटपुट आणणारं स्फिंक्स एक्स्टेंशन वापरलं तर हा प्रकारच संपतो.

डॉक्सच्या फोल्डरबाहेरही बघा. डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली वर्णनं) ऑटोडॉकमधून पानावर येतात. एरर मेसेजमध्ये ‘३.८ वापरा’ असं लिहिलेलं असतं. इश्यूच्या टेम्प्लेटमध्ये पायथनच्या आवृत्त्यांची निवड-यादी असते. योगदान कसं करावं या पानावर ‘व्हर्च्युअलएन्व्ह आधी इन्स्टॉल करा’ असं असतं, जेव्हा की प्रकल्पासाठी वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट बनवणारं ‘व्हेन्व्ह’ ३.३ पासून पायथनसोबतच येतं. ‘सेटअप.पाय इन्स्टॉल’ हा आदेश कुठेही दिसला तर आवृत्तीचा विचार न करता काढा, त्याच्या जागी पिपचा आदेश घाला. रीडमीचं एक वेगळं दुखणं आहे: पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या कोठारावर) दिसणारं वर्णन त्या रिलीजसोबत गोठतं. नंतर रिपोत दुरुस्ती केली तरी तिथे नवा रिलीज निघेपर्यंत जुनंच दिसत राहतं. म्हणून रीडमी रिलीजच्या आधी तपासा, नंतर नाही.

दोन प्रकारच्या आवृत्त्यांची गल्लत

स्फिंक्समध्ये ‘व्हर्जनॲडेड’, ‘व्हर्जनचेंज्ड’ आणि ‘डेप्रिकेटेड’ असे तीन डिरेक्टिव्ह आहेत, ७.३ पासून ‘व्हर्जनरिमूव्ह्ड’ही आहे. त्यांच्यापुढे लिहायचा आकडा तुमच्या लायब्ररीचा, पायथनचा नव्हे. तरीही लायब्ररी स्वतः २.५ वर असताना ‘व्हर्जनॲडेड ३.८’ अशा ओळी सापडतात, कारण लिहिणाऱ्याच्या मनात ‘हे पायथन ३.८ वर चालतं’ असं होतं. अशा ओळी सापडतील तिथे काढा.

बरोबर आकडा असलेल्या ओळींचं काय? ‘आवृत्ती १.२ पासून उपलब्ध’ ही टीप किती वर्षं ठेवायची? इथे प्रकल्पांचे रिवाज वेगळे आहेत. जँगो ही वेब फ्रेमवर्क दर रिलीजला दोन रिलीज आधीच्या टिपा काढून टाकते. ४.२ च्या डॉक्समधून ४.० च्या टिपा गेल्या, ४.१ च्या राहिल्या. खुद्द पायथनचे डॉक्स ३.x मधल्या जुन्या टिपा बहुतेक ठेवतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे, आणि फरकाचं कारण वाचक कसा येतो यात आहे. जँगोचा प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र डॉक्स-संच आहे, वाचक आपली आवृत्ती निवडतो. पायथनचे वेगवेगळ्या आवृत्त्यांचे डॉक्स असूनही सगळे बहुधा ताजेच डॉक्स उघडतात, आणि लायब्ररी लिहिणाऱ्याला ‘हे कोणत्या आवृत्तीत आलं’ हे त्यातूनच कळायला हवं असतं.

म्हणून तुमचा प्रत्येक आवृत्तीचा संच वेगळा उपलब्ध असेल तर जँगोसारखं धारदार राहा. एकच ‘ताजा’ संच असेल तर सपोर्टमध्ये असलेल्या सगळ्या आवृत्त्यांच्या टिपा ठेवा, शिवाय त्यांच्या मागची एक ठेवा. ‘डेप्रिकेटेड’ मात्र या नियमात येत नाही. ती सुविधा कोडमध्ये आहे तोवर ती टीप हलवायची नाही, मग आकडा कितीही जुना असो.

कशाला हात लावायचा नाही

चेंजलॉग, जुन्या रिलीजच्या नोंदी, सुरक्षेच्या सूचनांमधल्या ‘बाधित आवृत्त्या’, आणि जुन्या आवृत्तीवरून नव्यावर येण्याचं मार्गदर्शन. ही पानं भूतकाळाबद्दलच बोलतात, त्यांतले आकडे जुने असणारच. शोधाच्या आदेशातून त्यांच्या फाइली सुरुवातीलाच वगळा, म्हणजे तिसाव्या निकालाला कंटाळून चुकीचं बटण दाबलं जाणार नाही.

फाइलींच्या स्वरूपाबद्दलचा मजकूर यातच येतो, आणि तो लोक हमखास उडवतात. पायथनची जुनी आवृत्ती जाते, तिने लिहिलेल्या फाइली लोकांच्या डिस्कवर राहतात. पिकलचा (पायथनचे ऑब्जेक्ट फाइलीत साठवण्याच्या स्वरूपाचा) प्रोटोकॉल ५ हा ३.८ मध्ये आला. तुमची लायब्ररी पिकल करून काही साठवत असेल तर ‘अमुक आवृत्तीच्या आधी साठवलेल्या फाइली जुन्या प्रोटोकॉलमध्ये असतात’ ही माहिती २०३० मध्येही कामाची आहे. चालवायला काय लागतं आणि वाचता काय येतं, या दोन गोष्टी वेगळ्या.

इन्स्टॉलचं पान

सगळे उल्लेख काढायच्या या मोहिमेत एक जुना उल्लेख मुद्दाम घालायचा असतो, तो इथे. ‘पायथन ३.८ किंवा ३.९ वर असाल तर या लायब्ररीची २.५ ही शेवटची चालणारी आवृत्ती आहे, तिचे डॉक्स इथे आहेत.’ एवढी एक ओळ आणि त्या संचाची लिंक. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ ला संपली, ३.९ ची ऑक्टोबर २०२५ ला, पण माणसं तिथून लगेच हलत नाहीत. उबुंटू २०.०४ चं स्वतःचं पायथन ३.८ आहे, डेबियन ११ चं ३.९. रेड हॅट ८ चं मूळ पायथन तर ३.६, आणि ती सिस्टीम २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये आहे. अशा सर्व्हरवर बसलेल्याला ‘अपग्रेड करा’ एवढं सांगून उपयोग नाही. रेड हॅट ८ वर ३.११ वेगळ्या पॅकेजने घालता येतं, हे त्याला सांगा. ते सिस्टीमच्या पायथनशेजारी नांदतं, त्याची जागा घेत नाही, हेही सांगा. नाहीतर कोणीतरी मूळ पायथनच बदलायला जातो आणि सिस्टीमची स्वतःची साधनं बंद पाडतो.

पिपबद्दल जास्त सूचना लिहायची गरज नाही. ९.० पासून, म्हणजे २०१६ पासून, पिप ‘रिक्वायर्स-पायथन’ पाहून आपल्या पायथनवर चालणारी शेवटची आवृत्ती स्वतःच निवडतं. ‘३.८ वाल्यांनी आवृत्ती पिन करून इन्स्टॉल करावं’ असे जुने परिच्छेद म्हणूनच काढता येतात, अर्थात मागच्या सगळ्या रिलीजमध्ये तो मान नीट भरलेला असेल तर. एखाद्या जुन्या रिलीजमध्ये तो राहून गेला असेल तर पिप घसरत घसरत नेमकं त्यावर जाऊन थांबतं. एकदा तपासून घ्या.

त्याच पानावर ‘पिप इन्स्टॉल’ हा नुसता आदेश असेल तर तोही जुना झालाय. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टीमच्या पायथनवर पिप थेट इन्स्टॉल करायला नकार देतं आणि ‘हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं’ असा एरर देतं. आधी व्हेन्व्ह बनवण्याची ओळ घाला. नकार मोडून काढणारा पर्याय डॉक्समध्ये सुचवू नका.

किमान आवृत्तीचा आकडा मजकुरात हाताने लिहिण्यापेक्षा कॉन्फ.पाय फाइलीत पायप्रोजेक्ट.टॉमलमधून वाचून सब्स्टिट्यूशन (उभ्या रेघांमधलं नाव, ज्याच्या जागी बिल्डच्या वेळी खरा आकडा येतो) म्हणून द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी एकाच जागी बदल होतो. यात एक खोच आहे: कोड-ब्लॉकच्या आत सब्स्टिट्यूशन चालत नाही, तिथे उभ्या रेघा तशाच छापल्या जातात. तिथे ‘पार्स्ड-लिटरल’ लागतं, पण त्यात वाक्यरचनेचे रंग जातात. माझं मत: इन्स्टॉलच्या पानावर आणि रीडमीत असा दोनच ठिकाणी आकडा ठेवा, बाकी पानांवर तो नसलेलाच बरा. जिथे तिथे सब्स्टिट्यूशन पेरलेलं गद्य पुढच्या माणसाला वाचवत नाही.

लिंका आणि शीर्षकं

पायथनच्या डॉक्सकडे जाणाऱ्या लिंकांत ‘/३.६/’ असा तुकडा असेल तर तो ‘/३/’ करा. इंटरस्फिंक्सच्या (दुसऱ्या प्रकल्पांच्या डॉक्सशी संदर्भ जोडणाऱ्या एक्स्टेंशनच्या) नोंदीतही तेच. मग बिल्ड चालवा, आणि काही संदर्भ तुटलेले दिसतील. तो फायदाच समजा. डिस्टयूटिल्स, इम्प आणि असिंककोअर ही मॉड्यूलं ३.१२ मध्ये काढली गेली, तिकडे जाणारे तुमचे उल्लेख खरोखरच मेलेले होते, ३.६ च्या डॉक्सशी बांधलेले असल्याने दिसत नव्हते एवढंच.

तुमच्याकडे येणाऱ्या लिंका जास्त नाजूक. समजा एका विभागाचं शीर्षक ‘पायथन ३.८ वर इन्स्टॉल करणं’ असं आहे. स्फिंक्स त्या शीर्षकावरून पानातला अँकर (थेट त्या विभागावर नेणारं लिंकचं टोक) बनवतं. शीर्षकातून आकडा काढलात की अँकर बदलतो, आणि बाहेरून कोणी दिलेली लिंक पानाच्या डोक्यावर जाऊन पडते. म्हणून शीर्षक बदलताना त्याच्या वर जुन्या अँकरच्याच नावाचं लेबल हाताने लिहा. विभाग पूर्ण गेला तर त्याचं लेबल जवळच्या जिवंत विभागावर चढवा, एकावर एक दोन-तीन लेबलं चालतात. दुसऱ्या प्रकल्पांनी इंटरस्फिंक्समधून तुमचं लेबल वापरलेलं असू शकतं, आणि ते तुमच्या ग्रेपमध्ये कधीच दिसणार नाही. अख्खं पान काढलंत तर रीडायरेक्ट द्या.

जुने संच रीड द डॉक्सवर असतील तर त्यांना निष्क्रिय करू नका, त्याने ४०४ येतं. ‘हिडन’ करा. मग ते निवड-यादीत दिसत नाहीत आणि रोबॉट्स फाइलीतून शोधयंत्रांनाही दूर ठेवतात, पण थेट लिंकवर उघडतात. इन्स्टॉलच्या पानावर आत्ताच जी २.५ ची लिंक दिली, ती याच भरवशावर उभी आहे.

कमिट, ब्रांच आणि वेळ

पहिला कमिट मेटाडेटा आणि सीआयचा. दुसरा निव्वळ वजाबाकीचा, म्हणजे कायमच्या खोट्या अटींचा. त्यात एकही नवी ओळ नसेल तर तपासणाऱ्याला फक्त ‘वाळलेल्याबरोबर हिरवं काही गेलं का’ एवढंच बघावं लागतं. तिसरा, पुन्हा लिहिलेल्या वाक्यांचा. चौथा, कोडच्या नमुन्यांचा. परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवण्याचा मोह यातल्या कशातही नको. एका शब्दासाठी बारा ओळी लाल-हिरव्या झाल्या की तपासणारा वाचणं सोडून देतो.

हे कमिट जुन्या देखभाल-ब्रांचवर बॅकपोर्ट होऊ देऊ नका. २.५ च्या ब्रांचवरचे डॉक्स ३.८ बद्दल बोलायलाच हवेत. बॅकपोर्ट करणारा बॉट लेबल पाहून चालत असेल तर या पुल रिक्वेस्टवर ते लेबल नको. आणि वेळ सांभाळा: रीड द डॉक्सवर ‘लेटेस्ट’ म्हणजे मुख्य ब्रांच, ‘स्टेबल’ म्हणजे शेवटचा रिलीज टॅग. रिलीजच्या दोन महिने आधी मर्ज केलंत तर दोन महिने ‘लेटेस्ट’ म्हणेल ३.१० लागतं आणि पिप देईल ३.८ वर चालणारी आवृत्ती. डॉक्सची मूळ लिंक ‘लेटेस्ट’कडे जात असेल तर ती आधी ‘स्टेबल’कडे वळवा.

तपासणीसाठी स्फिंक्स इशाऱ्यांना चूक मानणाऱ्या पर्यायाने आणि निटपिकी मोडमध्ये (प्रत्येक तुटलेला संदर्भ दाखवणाऱ्या) चालवा, लिंकचेक वेगळा चालवा, आणि डॉकटेस्ट (डॉक्समधले नमुने चालवून बघणारी चाचणी) दोनदा: किमान आवृत्तीवर आणि सर्वांत नव्या आवृत्तीवर. फक्त नव्यावर चालवलं तर ३.१२ मध्येच चालणारी गोष्ट नमुन्यात शिरल्याचं कळत नाही.

डॉक्सची भाषांतरं असतील तर भाषांतर करणाऱ्यांना आधी सांगा. गेटटेक्स्टमध्ये (भाषांतरं साठवण्याच्या पद्धतीत) मूळ वाक्यातला एक शब्द बदलला तरी त्याचं भाषांतर ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचं, ठरतं, आणि स्फिंक्स मुद्दाम सांगितल्याशिवाय फझी भाषांतरं वापरत नाही, तिथे मूळ भाषेतलं वाक्य दाखवतं. मराठी पानाच्या मधोमध अचानक इंग्रजी परिच्छेद उगवतो तो असा. ज्या वाक्यांतून फक्त अट गेली, त्यांची यादी करून दिली तर भाषांतरकाराला प्रत्येकी चार शब्द खोडावे लागतात, परिच्छेद नव्याने करावा लागत नाही.

शेवटी सीआयमध्ये एक छोटी तपासणी ठेवा: किमान आवृत्तीपेक्षा जुन्या पायथनचा उल्लेख डॉक्समध्ये आला की बिल्ड लाल. अपवादांची फाइल सोबत, आणि प्रत्येक अपवादापुढे कारण लिहिणं सक्तीचं: ‘चेंजलॉग’, ‘पिकलचं स्वरूप’, ‘इन्स्टॉलच्या पानावरची २.५ ची ओळ’. ही तपासणी किमान आवृत्ती पायप्रोजेक्ट.टॉमलमधूनच वाचू दे. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि तिला पाच वर्षं सपोर्ट असतो, तेव्हा ३.१० ची पाळी ऑक्टोबर २०२६ ला आहेच. त्या दिवशी तो एक मान बदललात की काय काय हलवायचं याची यादी बिल्डच देईल.